कपाळावरचा पापुद्रा

प्रिय भांडकुदळे,

पत्र बघून कपाळाला आठ्या घालशील, तरी वाच. आई तशीच आहे. डोळे उघडे, पण ओळख नाही. तुम्ही दोघींनी एकमेकींशी बोलणं टाकलंत त्याला वर्षं झाली. दोघी सारख्याच हट्टी, खाण तशी माती. ती अशी अबोल्यातच गेली तर तू स्वतःला माफ करणार नाहीस, ही मला धास्ती आहे.

तू मला ‘चिकटपट्टीवाला शास्त्रज्ञ’ म्हणायचीस, कारण सुरुवातीला आम्ही खरंच चिकटपट्टी लावून ग्राफाइटचे पापुद्रे सोलत असू. आता तांब्याचा पत्रा भट्टीत तापवून त्यावरून वायू सोडतो. त्यातला कार्बन पत्र्यावर बसतो, जेमतेम एका अणूच्या जाडीचा. वर आधाराला प्लास्टिकचा पातळ थर देऊन खालचं तांबं विरघळवलं, की पापुद्रा पाण्यावर तरंगतो. तिरक्या उजेडात दिसला तर दिसला. लहानपणी आपण पाणी लावून हातावर चित्रं उठवायचो ना, तसा तो कातडीवर बसतो आणि आतली विजेची बारीकशी हालचालही टिपतो. आमच्यात रीतच आहे, नवा पापुद्रा आधी स्वतःच्या कपाळावर, मग घरच्यांच्या. तसा एक आईला लावला.

पडद्यावर तिच्या मेंदूतल्या हालचालीची रेघ दिवसभर संथ असते. एका दुपारी ती अचानक थरथरली आणि पाठोपाठ आईचा फोन वाजला. नंबर दिसेना, कुणी बोलेना, नुसता चोंदलेल्या नाकाचा श्वास. तुझी सर्दी बारमाही, मी ओळखणार नाही होय? मी काही म्हणायच्या आत तू फोन ठेवलास.

पुढच्या वेळीही तेच. आधी रेघ, मग फोन. मला वाटलं, फोनच्या लहरींचा घोटाळा असेल. पापुद्रा बदलला, फोन शेजारच्या काकूंकडे नेऊन ठेवला. रेघ थरथरली, आणि जरा वेळाने काकू सांगत आल्या की फोन वाजला, पण पलीकडे कुणी बोलतच नाही. मग मी माझ्याही कपाळाला एक पापुद्रा लावून तिच्याजवळ बसलो. माझी रेघ फोन वाजल्यावर हलली. तिची आधीच हलली होती. प्रयोगशाळेत सांगितलं तर वेड्यात काढतील. पण खरं सांगतो, आताशा मला त्या खोलीत तिच्याकडे पाठ करून बसवत नाही.

परवापासून रेघ थरथरतेच आहे, आणि फोन मात्र वाजत नाही. तू फोन हातात घेऊन बसतेस आणि लावत नाहीस, हो ना? आज घरी तपासायला आलेल्या डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं. तिचा श्वास उथळ झालाय, हातात फार दिवस नाहीत. तुझा नंबर माझ्याकडे नाही, पत्ता तेवढा आहे, म्हणून हे कुरियरने धाडतोय. फोन कर. मी तो तिच्या कानाशी ठेवून खोलीबाहेर जाईन. भांडायचं असेल तर खुशाल भांड, पण बोल. तू नंबर लावायच्या आधीपासून ती कान देऊन आहे.

तुझाच,
दादा