बीजेची भरती

रत्नागिरी,
९ फेब्रुवारी २०२५

चि. शार्दूल,

आशीर्वाद. इकडे आम्ही ठीक. तुझ्या लीलामामीचा खोकला एकदाचा गेला. कलमांना मोहोर बरा आहे, तुडतुड्याची कीड अजून तरी बेतात आहे. तुझ्या आईला सांग, ताईची आठवण काढल्याशिवाय इथे फणसाची भाजी होत नाही.

तुझा निरोप मोबाइलवर वाचला. उत्तर कागदावर देतोय, कारण त्या काचेवर अंगठा घासून माणसाची नीट हजेरी घेता येत नाही.

तर तुला जुनी जावा मोटारसायकल घ्यायची आहे. वय एकतीस, घर अकराव्या मजल्यावर, आणि सायकलची चेन पडली की आजही बापाला हाक मारणारा तू. असो. हौसेला मोल नसतं म्हणतात, तेव्हा घे.

रंग बघून घेऊ नकोस. पेटीचा वरचा थर बघून आंबा घेणारा आणि रंग बघून गाडी घेणारा, दोघे एकाच शाळेतले. गाडी बघायला सांगितल्या वेळेच्या तासभर आधी जा. इंजिन आधीच तापवून ठेवलेलं असेल तर चहा पी आणि परत ये. इंजिनावरचा नंबर आरसी बुकाशी स्वतः ताडून बघ. टाकीचं झाकण उघडून आत उजेड पाड, गंज लपत नाही. आणि जावाची किक आणि गिअर एकाच दांडीवर असतात, तेव्हा विकणाऱ्यासमोर गिअर शोधत वाकू नकोस, आपल्या घराण्याची अब्रू आहे.

आता तुला ज्यात शिरायचंय तो क्लब. ‘हापूस क्लासिक रायडर्स’ हे नाव वाचूनच माणसाने शहाणं व्हावं. रत्नागिरीत, मे महिन्यात, कातडी जाकिटं घालून घामाच्या धारा पुसणारी अकरा माणसं. निम्म्यांना प्लग काढता येत नाही. एक महाभाग तर गाडी टेम्पोतून आणतो, शेवटच्या वळणाआधी उतरवतो आणि दूरवरून आल्यासारखा चेहऱ्यावर धूळ लावून घेतो. दर सभेत पाऊण तास चर्चा कशावर, तर स्टिकर टाकीवर लावायचं की डिकीवर.

तू म्हणशील, मामा, सहा वर्षं अध्यक्ष तुम्हीच होता ना? होतो. गुडघ्यामुळे सोडलं, असं तुझ्या आईला सांगितलंय. गुडघा ठणठणीत आहे.

तू फोटो पाठवलेली ती लाल जावा आमच्या सेक्रेटरीची, दीपकची. ‘मूळ स्थितीत, अध्यक्षांच्या सहीचं प्रमाणपत्र’ असं त्याने जाहिरातीत लिहिलंय. ती सही माझी आहे. गाडी घेऊ नकोस. ती समुद्रात बुडालेली आहे.

चार वर्षांपूर्वी क्लबाची फेरी वेळणेश्वरला न्यायची ठरली. अकरा गाड्या किनाऱ्याच्या वाळूत, पुळणीवर, ओळीने उभ्या करून फोटो काढायचा, ही अक्कल माझी. त्या रविवारी दशमी होती. तिथीची पाऊणपट म्हणजे भरतीची वेळ, हे इथे शाळेत न गेलेल्यालाही येतं. दहाची पाऊणपट साडेसात, म्हणजे दीडला पूर्ण ओहोटी. मी सभेत हे फळ्यावर मांडून दाखवलं. जन्मभर भौतिकशास्त्र शिकवलेला माणूस, टाळ्या घेतल्या. मग प्रमुख पाहुण्यांना जमेना म्हणून फेरी आठवडाभर पुढे ढकलली. तारीख बदलली, पण कार्यक्रमपत्रिकेत ‘दुपारी एक, पुळणीवर छायाचित्र’ तसंच राहिलं. आठवड्याने दशमीची बीज झाली, तीही पुनवेनंतरची, उधाणाची. दोनाची पाऊणपट दीड, म्हणजे दीडला ओहोटी नव्हे, भरती. मी पुन्हा हिशेब केला नाही.

एकाने केला होता. रघू, संगमेश्वरचा मेकॅनिक. क्लबातल्या सगळ्या गाड्या त्याच्याच हातून चालत होत्या. जयगडच्या फेरीबोटीत तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, “सर, आज बीज हाय. दीडला पानी पार वरतर येल. गाड्या पुलनीवर नका नेव.”

तो हळू बोलला तरी सगळे ऐकत होते. मी म्हटलं, “रघू, तू कार्बोरेटर बघ, समुद्र मी बघतो.” सगळे हसले. मीही हसलो.

फोटो झाला. आम्ही वर जेवायला गेलो आणि गाड्या बघायला रघूला ठेवलं. मोदकाचा दुसरा घास तोंडात होता तेव्हा त्याची हाक आली. आम्ही पानं सोडून धावलो तोवर त्या एकट्या माणसाने आठ गाड्या ओढून वर काढल्या होत्या. वाळूत स्टँड रुतलेल्या तीन आडव्या झाल्या, त्यात दीपकची जावा. खारं पाणी सायलेन्सरमधून थेट आत गेलं. रघू कमरेएवढ्या लाटेत तिचं हँडल धरून उभा होता आणि दीपक काठावरून त्याला शिव्या देत होता.

पुढच्या सभेत ठराव झाला. राखणीतल्या निष्काळजीपणामुळे नुकसान, सबब रघूकडे कोणीही गाडी देऊ नये. सूचक दीपक. खाली अध्यक्ष म्हणून माझी सही. फेरीबोटीत सगळ्यांनीच ऐकलेलं त्याचं वाक्य अध्यक्ष म्हणून मी नुसतं आठवून दिलं असतं तर तो ठराव झाला नसता. मी पाणी प्यायलो आणि सही केली. दीपकने गाडी कोल्हापूरला नेऊन रंगवून आणली तेव्हा प्रमाणपत्रावरही केली. एकदा सवय लागली की हात अडत नाही.

रघूचं गॅरेज वर्षभरात बंद पडलं. आता तो घराच्या पडवीत पंप आणि ग्रासकटर दुरुस्त करतो. त्याची बायको तुळसा मोलमजुरीला जाते. मला स्वतःची लाज वाटते, शार्दूल. त्या अकरा जाकिटांना मी नावं ठेवतो, पण त्यांतलं सगळ्यात पोकळ मी घातलं होतं.

गेल्या गुरुवारी मी त्याच्याकडे गेलो. नुसतं जायचं धाडस होईना, म्हणून आमच्या ग्रासकटरच्या प्लगची वायर घरीच उपटली आणि नादुरुस्त झाला म्हणून घेऊन गेलो. त्याने वायर बोटात धरली, माझ्याकडे पाहिलं. “सर, ही आपसूक नाय निगत,” एवढंच म्हणाला. बसवून दिली. तुळसाने कोकम सरबत दिलं. “गुडघा कसा हाय?” त्याने विचारलं. मी म्हटलं, “बरा आहे.” आणि घरी आलो. एवढं होऊनही तोंड उघडलं नाही.

काल मात्र झालेलं सगळं लिहून काढलं, क्लबातल्या बाकी दहाही जणांना रजिस्टर पोस्टाने धाडलं, प्रमाणपत्र रद्द केल्याचंही कळवलं. तुला हे मिळेल तेव्हा त्यांनाही मिळालेलं असेल. माझं नाव सांगून आता तुला त्या क्लबात कोणी उभं करणार नाही. फार मोठं नुकसान झालं असं समजू नकोस.

गाडी घ्यायचीच असेल तर रघूला सोबत घेऊन बघ. मात्र कोणाचा भाचा ते आधी सांग. त्यावर त्याने हाकललं तर निमूट निघून ये, उलट बोलू नकोस.

मी उद्या सकाळी त्याच्याकडे जातोय. या वेळी घरातलं काहीही न बिघडवता.

तुझा,
हरिहरमामा