स्टोअरकीपरने ठेवलेली फेलोशिप

मी, विज्ञान महाविद्यालयाच्या रसायनशास्त्र विभागाचा निवृत्त स्टोअरकीपर, वय वर्षे एकोणऐंशी, अविवाहित, लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे. डॉक्टरांनी तसा दाखला दिला आहे. तो डॉक्टर कितपत खरा, याची खात्री नसल्याने दुसऱ्या डॉक्टरांचाही घेतला आहे. वकिलांनी मसुद्यात दोन ठिकाणी ‘इत्यादी’ घातले होते, ते मी दोन्ही ठिकाणी खोडले. इत्यादीत काय काय मावते हे चौतीस वर्षांच्या नोकरीत मी पाहिले आहे. माझी याआधीची पाचही मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. माझे राहते दोन खोल्यांचे घर माझ्या पुतण्याला मिळणार नाही. तो आला की आधी माझी तब्येत विचारतो आणि मग भिंतींना ओल आहे का ते बघतो. गेल्या खेपेला तो पावलांनी खोली मोजत होता. मी विचारले तर म्हणाला, “काही नाही काका, जरा पाय मोकळे करतोय.” त्याला माझी सायकल द्यावी, म्हणजे पाय चांगले मोकळे होतील.

२. घरातील भांडी, कपाटे आणि अकरा कुलपे धाकट्या बहिणीला द्यावीत. किल्ल्यांच्या जागा तिला तोंडी सांगितल्या होत्या. त्यानंतर दोन जागा मी बदलल्या आहेत. तिच्यावर माझा अविश्वास नाही, पण तिचे यजमान फार गोड बोलतात.

३. घर विकून येईल ती रक्कम आणि माझी बँकेतील ठेव यांतून एक फेलोशिप सुरू करावी. ज्यांच्या घरातून आजवर कोणी महाविद्यालयात गेलेले नाही, अशा मुलामुलींना विज्ञान, गणित, तंत्रज्ञान किंवा अभियांत्रिकीत पदवीनंतर पुढे शिकता यावे, यासाठी ती आहे. व्यवस्था बँकेने पाहावी. महाविद्यालयाच्या हाती देऊ नये, तिथे तीन नवे थर्मामीटर विभागप्रमुखांच्या घरी ताप मोजायला गेल्याचे मला ठाऊक आहे. (ते थर्मामीटर तीनशे साठ अंशांचे होते. साहेबांना पदवी कोणी दिली, हा वेगळा विषय आहे.)

प्राध्यापकांचे शिफारसपत्र मागू नये. आमच्याकडे ही पत्रे विद्यार्थीच लिहीत आणि साहेब न वाचता सही करीत. ज्याला साहेबांच्या खोलीत शिरायची भीती वाटे, त्याचे पत्र होतच नसे. पैसे महिन्याच्या सुरुवातीला द्यावेत, आधी खर्च करा आणि मग पावत्या आणा असे सांगू नये. धनादेश हातात देऊन फोटो काढू नयेत. आणि वर्तणुकीचा, किंवा ‘काही येणे नाही’ असा, कोणताही दाखला कोणाकडूनही मागू नये. याचे कारण पुढच्या कलमात आहे.

४. हे कलम लिहायला मी सहा महिने टाळाटाळ केली.

आमच्या विभागात झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी आमच्याकडेच शिकत होती. आई फरशी पुसायची तेव्हा ती कोपऱ्यातल्या ओट्यावर राहिलेले प्रयोग पुरे करायची. पदवीला ती पहिली आली. एम.एस्सी.साठी एका फेलोशिपचा अर्ज तिने भरला. त्याला स्टोअरचा ‘काही येणे नाही’ हा दाखला लागे, आणि त्यावर सही माझी.

त्याच आठवड्यात कपाटातली प्लॅटिनमची मूस जागेवर नव्हती. बोटभर उंचीची वाटी, पण स्टोअरमधली सर्वांत महाग वस्तू. मी कोणाला काही विचारले नाही. सगळे गेल्यावर तिथे कोण असते, एवढाच विचार केला आणि सही नाकारली. ती चार दिवस माझ्या खिडकीशी येत होती. “काका, मी नाही घेतली. हवं तर आमचं घर बघा,” म्हणाली. मी खिडकी लावून घेतली. पाचव्या दिवशी अर्जाची मुदत संपली. ज्यांचे वडील येऊन आवाज चढवत, त्यांच्या मुलांनी फोडलेल्या काचेच्या ब्युरेटचे पैसे येणे असतानाही मी दाखल्यांवर सह्या केल्या आहेत.

तीन वर्षांनी ओल शोषणाऱ्या खड्यांचा जुना डबा उपसताना तळाशी मूस निघाली. सुट्टीत चोरी होऊ नये म्हणून मीच ती तिथे लपवली होती आणि विसरलो होतो. मी ती पुसून कपाटात ठेवली आणि गप्प बसलो. लाज वाटली, पण लाजेपेक्षा नोकरीची भीती जास्त वाटली.

५. गेल्या महिन्यात मी तिला शोधून काढले. ती पाणी तपासणीच्या प्रयोगशाळेत नोकरी करते, बाटल्यांवर चिठ्ठ्या चिकटवत होती. मी म्हणालो, “ती मूस सापडली होती.”

“माहीत आहे. आई तिथेच झाडत होती. तुम्ही डबा उघडून मटकन खाली बसलात, ते तिने पाहिलं.”

“मग बोलला का नाहीत?”

“कोणाला सांगणार, काका? आईच्या हजेरीवर सहीसुद्धा तुम्हीच करायचात.”

घर तुझ्या नावे करतो, असे मी सांगितले. ती हसली. “घर घेऊन आता काय करू? मी अठ्ठेचाळीस वर्षांची आहे. आता जे शिकतायत त्यांना द्या.” क्षणभर मला शंका आली की हिच्या मनात दुसरेच काही असेल. या वयातही माझे मन असे आहे, याचे मला वाईट वाटते. निदान माझा रासायनिक तराजू तरी घे आणि मृत्युपत्राला साक्षीदार हो, म्हणालो. मसुदा घेऊन सोबत आलेल्या वकिलांनी मध्येच सांगितले की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळते, त्याने साक्षीदार होऊ नये.

“मग मला काहीच लिहू नका,” अर्धवट चौथ्या कलमाचा तो मसुदा वाचून ती म्हणाली. “चौथं कलम पुरं लिहा, आणि तुम्ही त्याच्याखाली सही करताना मला समोर बसून बघायचंय.”

तराजू बँकेने विकावा.

सही: निवृत्त स्टोअरकीपर

साक्षीदार:
(१) शेजारचे शिंपी. मजकूर वाचलेला नाही, मी वाचू दिला नाही.
(२) पाणी तपासणी प्रयोगशाळेतील रसायनतज्ज्ञ, झाडलोट करणाऱ्या बाईंची मुलगी. मजकूर दोनदा वाचला. ‘मूस हरवली’ असे मी लिहिले होते, ते खोडायला लावले.

स्थळ: माझ्या घराची पुढची खोली
दिनांक: ९ मार्च, सकाळी अकरा. सही करताना माझा हात थांबला, तेव्हा दुसऱ्या साक्षीदार म्हणाल्या, “सावकाश करा काका, मला घाई नाही.”