मंडळावरचे मामा

कुरुळी, ३ जून २०२५

चि. स्वरूपास आत्याचे अनेक आशीर्वाद.

तोंड गोड कर! तुज्या कोंडाजीमामांची, म्हंजी आमच्या ह्यांची, सरकारी नोकरांच्या अपील मंडळावर नेमणूक झाली. तुजं अपील जिथं पडून हाय, त्येच मंडळ. एक सदस्य कमी म्हणून सुनावणी होत न्हवती ना? आता मामाच बसणार. हे म्हणाले, पोरीला सांग, नोकरी परत मिळाली समज. रविवारी चाकणला सत्कार हाय, नक्की ये.

तुजी वाट बघणारी,
जयमालाआत्या

काळेवाडी, ६ जून

ती. आत्यास स्वरूपाचा शि. सा. न.

मुदत संपलेली औषधं चांगली आहेत असं लिहून दिलं नाही, म्हणून सरकारी दवाखान्यानं मला काढलं. त्याचा न्याय आता मामा करणार! नियम म्हणतो, सदस्याला नोकरीचे कायदे माहीत हवेत, रीतसर मुलाखत हवी. मामांचा कायद्याशी संबंध एवढाच, की जमिनीवरून सख्ख्या भावाला कोर्टात खेचलं. अनुभव म्हणजे मंत्रीसाहेबांच्या वाढदिवसाचे फ्लेक्स लावणं. निवडणुकीत तिकीट कापलं, म्हणून समजूत काढायला ही खुर्ची दिली.

माझ्या प्रकरणात मामांनी बसू नये, असा अर्ज मी दिलाय. मामांच्या मेहेरबानीची नोकरी मला नको. सत्काराला येणार नाही. तुझ्यावर राग नाही. तूही धरू नकोस.

तुझीच,
स्वरूपा

कुरुळी, १८ जून

चि. स्वरूपास आशीर्वाद.

तुज्या अर्जानं घर पेटलं. हे तुला कृतघ्न म्हणाले. मी इचारलं, मुलाखतीत काय इचारलं वो? तर म्हणाले, कसली मुलाखत! साहेबांनी इचारलं, कोंडाजी, कायदा किती येतो? यांनी सांगितलं, तुमी म्हणाल तेवढा. सगळी हसली, चहा आला, झाली नेमणूक. हे मोठ्या ऐटीत सांगत व्हते गं. मला मान वर करवंना.

तुज्या प्रकरणातून यांना बाजूला व्हावं लागलं. दुसरा माणूस नेमला न्हाई, म्हणून तुजी सुनावणी पुन्हा लांबली. भावकी तुला येडी म्हणती. मी त्यांच्यासमोरच म्हटलं, पोरीचं बराबर हाय.

काल एक बाई आंब्यांची पेटी घेऊन दारात आली. नवऱ्याला नोकरीवरनं काढलंय, अपील यांच्यापुढं हाय. मी पेटी परत केली आन् तिला तुजा पत्ता दिला. यांनी बसू नये असा अर्ज कसा लिवायचा, तिला नीट समजावून सांग.

तुजी,
आत्या