गुरुवारचा बाजार रविवारी

शुक्रवार, १ जानेवारी १९५४. सकाळी ७
नवी डायरी. पाचला उठणार होतो, पण थंडी फार.
काल पंचायतीने पेठसुधार समिती नेमली. अध्यक्ष मी. एकमताने. बाकीचे तेव्हा चहा प्यायला बाहेर गेले होते, पण विरोध कुणी केला नाही.
बदलापूरच्या या पेठेत एके काळी गाड्या लागायला जागा नसे. आता माझ्या कापडाच्या दुकानात फक्त माशा येतात. गिऱ्हाईक सगळं उल्हासनगरच्या कॅम्पात पळतं. सात वर्षांपूर्वी फाळणीत आलेली निर्वासित माणसं, आणि अख्खा बाजार गिळून बसली!
यंदाचे संकल्प: एक, पाचला उठणे. दोन, रागावणे नाही. तीन, मुलीचं नाव या वहीत लिहिणे नाही. दोन वर्षांपूर्वी तिने कॅम्प दोनमधल्या टेकचंद कापडवाल्याशी रजिस्टर लग्न केलं. त्या दिवसापासून मला मुलगी नाही. भेट नाही, पत्र नाही, अशी कुमुदिनीलाही ताकीद आहे. ती पाळते. या घरात माझा शब्द चालतो.

गुरुवार, ७ जानेवारी
आठवड्याचा बाजार. अध्यक्ष म्हणून पाहणी केली आणि डोकं फिरलं. डोंगरातल्या वाड्यांवरच्या बायका भर रस्त्यात फतकल मारून बसतात. प्रत्येकीची जागा ठरलेली, म्हणे सासूकडून सुनेला आलेली. हलायला तयार नाहीत.
कौसाबाई नावाची म्हातारी तर माझ्या पायरीलाच टेकून बसते. पाटीत चार कंद, आणि शेजारी तिची लेक ठमी. ही ठमी वांगणीच्या पलीकडे दिलेली. दर गुरुवारी दोन तास चालत येते, आईजवळ बसते, संध्याकाळी परत जाते. विकत काहीच नाही! मी ओरडलो, “बाजूला हो, गिऱ्हाईक अडतंय.” कौसाबाईने रस्त्याकडे पाहिलं आणि विचारलं, कंचं गिऱ्हाईक?
संकल्प दोन उद्यापासून.
कुमुदिनी मेथीची एक जुडी आणायला गेली ती दोन तासांनी आली. नदीकडच्या चिंचेखालचीच भाजी ताजी असते, असं तिचं म्हणणं. बायकांना वेळेची किंमत नाही.

रविवार, १० जानेवारी
मीटिंग. माझी स्कीम मांडली. दुकानांमागच्या मैदानात चाळीस पक्के ओटे. त्यांना नंबर. चिठ्ठ्या टाकून वाटप, म्हणजे वशिला नाही. आणि मुख्य म्हणजे बाजार गुरुवारऐवजी रविवारी. रविवारी अंबरनाथच्या फॅक्टऱ्यांतले ऑफिसर मोकळे असतात. मिसेसना घेऊन येतील, भाजी घेतील आणि समोर दिसेल माझं दुकान. (म्हणजे सगळीच दुकानं.)
एकाने शंका काढली, की ऑफिसर तिथेच भाजी का घेणार नाहीत? असल्या माणसांमुळेच देश मागे आहे.

गुरुवार, १४ जानेवारी. संक्रांत
तिळगूळ घेतला, गोड बोलायचं ठरवलं. साडेनऊपर्यंत जमलं.
कुमुदिनी कधी पेठेच्या भानगडीत पडत नाही. आज पाटापुढे ताट ठेवता ठेवता म्हणाली, “बाजार गुरुवारीच राहू द्या. एवढं एक माझं ऐका.”
कारण विचारलं तर सांगेना. मग म्हणे, सवय झाली आहे. सवय! मी तिला विकास म्हणजे काय ते अर्धा तास समजावलं. डोळे पुसत उठली. चुलीचा धूर असणार.

बुधवार, २७ जानेवारी
ओटे झाले. बारा कलते आहेत. कंत्राटदार म्हणतो, पाणी निचरायला. त्याच्यावर असा ओरडलो की आवाज बसला. बसक्या आवाजात भाषणाची तयारी केली.
दुकानातला फ्लॅनेलचा तागा कुरतडला गेलाय. कडा मात्र कात्रीने कापल्यासारख्या सरळ. उंदीर हल्ली फार हुशार झाले आहेत. सापळा लावला.

रविवार, ३१ जानेवारी. रात्री ८
उद्घाटन. दवंडी पिटली होती म्हणून बायका आल्या, पण गोंधळ! चिठ्ठीत एकाच वाडीच्या चार जणी चार कोपऱ्यांत गेल्या. कौसाबाईला सदतीस नंबर आला. ओट्यावर न बसता तिथे उभीच राहिली. मला विचारते, “माझी लेक मला कुठं हुडकील?”
मी म्हटलं, समोर एवढा मोठा बोर्ड आहे, वाचायचं.
ती म्हणाली, तिला वाचता येत नाही आणि लेकीलाही येत नाही, आणि लेकीला गुरुवारच ठाऊक आहे. दिवसभर तिथे बाजाराकडे पाठ करून, वांगणीच्या वाटेकडे तोंड करून उभी होती. गिऱ्हाइकाकडे अशी पाठ फिरवणाऱ्या माणसांचा उद्धार करायचा कसा, सांगा!
ऑफिसर आले नाहीत. पहिलाच रविवार. बातमी पोचायला वेळ लागतो.

रविवार, १४ फेब्रुवारी
अकरा ओटे भरले. एकोणतीस रिकामे, पैकी सहांवर बकऱ्या. शिपाई अनंताला विचारलं, बकऱ्या कुणाच्या? म्हणाला, अध्यक्षसाहेब, निदान त्या तरी बसल्या आहेत. मेमो देणार आहे.
एक ऑफिसर आला. मिसेससह, मोटारीतून! मी धावत गेलो. बारवी नदीकडे जायचा रस्ता विचारत होता.

गुरुवार, १८ फेब्रुवारी
कुमुदिनीने नवं काढलंय. दर गुरुवारी अंबरनाथच्या शिवमंदिरात जाते. सकाळी जाते ती दिवे लागताना येते. महिनाभर चेहरा पडलेला होता, आता जरा खुलला आहे. देवधर्म चांगलाच. शंकराचा वार गुरुवार कधीपासून झाला, हे मनात आलं होतं. पण अध्यक्षाने किरकोळ गोष्टींत लक्ष घालू नये.
उंदीर सापडत नाही. फ्लॅनेल आणखी अर्धा वार गेला.

रविवार, २८ फेब्रुवारी
ओट्यांवर एकही बाई नाही. एकही नाही! आज बकऱ्यासुद्धा नाहीत.
सगळ्या गेल्या कुठे, ते आज टांगेवाल्याकडून कळलं. गाडीने उल्हासनगरला जातात, दर गुरुवारी, आणि कॅम्प दोनमध्ये बसतात. कुणाच्या दुकानापुढे? टेकचंदच्या! त्याने बोलावून, सावलीला ताडपत्री बांधून जागा दिली म्हणे.
आधी मुलगी पळवली, आता बाजार. पेठेची माणसं पळवणं हा गुन्हा असला पाहिजे. नसला तर ठराव करून घेतो. समितीच्या कागदावर नोटीस लिहितो आहे. स्वतः नेऊन त्याच्या तोंडावर मारणार.

बुधवार, १० मार्च
नोटिशीचा अकरावा खर्डा. “हरामखोर” शब्द काढून “उपरोक्त इसम” घातला. उद्या जाणारच. कुमुदिनीला सांगितलं नाही, तिचं देवळात लक्ष लागणार नाही.

गुरुवार, ११ मार्च. रात्री ९
गेलो.
ताडपत्रीखाली आमचीच पेठ बसली होती. वाडीशेजारी वाडी, ज्या क्रमाने माझ्या दुकानापुढे बसत त्याच क्रमाने. पायरीला टेकून कौसाबाई, शेजारी ठमी. दुकानात गिऱ्हाईक मावत नव्हतं.
नोटीस काढली आणि वाचायला सुरुवात केली. कौसाबाईने ऐकून घेतलं. मग म्हणाली, “बाजार काय कंदासाठी भरतो व्हय? सासरच्या पोरीला आय भेटती, म्हून भरतो. तुझ्या बाईची नि पोरीची जागा चिंचेखाली हुती. ती बी तूच मोडलीस.”
मी दुकानात पाहिलं. आत गादीवर, दाराकडे पाठ करून कुमुदिनी बसली होती. मांडीवर मूल. मुलाच्या डोक्याला टोपडं, आमच्या फ्लॅनेलचं. टेकचंद गिऱ्हाइकाला कापड दाखवत होता. शेजारी उभ्या मुलीने मला पाहिलं. या म्हणाली नाही, जा म्हणाली नाही. हातातला कापड मोजायचा गज तसाच धरून उभी राहिली.
मी पायरीवरच होतो. मागे बायका खोळंबल्या होत्या. कौसाबाई म्हणाली, “अण्णा, गिऱ्हाईक अडतंय. आत जा, न्हाईतर बाजूला हो.”
मी बाजूला झालो.
परतीच्या गाडीपर्यंत नोटीस हातातच होती. का दिली नाही, हे समितीला काय सांगायचं ते सुचत नाही. कलम चुकलं होतं असं सांगेन.
कुमुदिनी दिवे लागताना आली. देवळात गर्दी होती का, विचारलं. होती म्हणाली. पुढच्या गुरुवारी जायचंय का, विचारलं. हो म्हणाली.
वृंदा वाळली आहे. मूल मुलगा की मुलगी, तेही कळलं नाही.
(संकल्प तीन मोडला. पहिले दोन कधीचेच मोडलेत.)
आत्ता दुकान उघडून फ्लॅनेलचा उरलेला तागा काढला आणि कुमुदिनीच्या पिशवीजवळ आणून ठेवला. दुकानात ठेवण्यात अर्थ नाही. उंदरांचा भरवसा नाही.