हेळव्याच्या वहीत आई नाही

मंगळवार, ४ मार्च

भांडलो. परत भांडलो. या वेळी ऋतिकाच्या काकाशी, आणि तेही तिच्याच उंबऱ्यात.

ऋतिकाच्या आईची, जयाकाकूंची, कॅन्सरमुळं गर्भाची पिशवी काढून आज पंधरा दिवस झाले. बिचाऱ्या उशीला टेकून बसलेल्या, आणि हा माणूस त्यांच्यासमोर चहा पीत सांगतो की पोरीचं कुठं जमवायचं असेल तर लवकर उरका, असला कॅन्सर आईकडनं लेकीत उतरतो म्हणतात. मी मागासाठी त्यांनी सूत भरून ठेवलेल्या कांड्या न्यायला गेलतो. पाटी खाली ठेवली आणि बोललो. काय बोललो ते लिहीत नाही.

ऋतिकानं हाताला धरून मला बाहेर काढलं. ओढतच नेलं गल्लीत. दोन वर्षांत पहिल्यांदा माझा हात धरला – तो असा.

गुरुवार, ६ मार्च

काका निम्मा खरा निघाला. म्हणून जास्तच राग आला.

ऋतिका मला डॉक्टरांकडे घेऊन गेली. म्हणाली, तू निदान दीड वर्ष सायन्स शिकलायस, मला एकटीला समजायचं नाही. म्हणजे सोडलेलं कॉलेज शेवटी या कामाला आलं!

डॉक्टर विनोदिनी. जाड चष्मा, बारीक आवाज, घाई अजिबात नाही. मला समजलं ते लिहून ठेवतो. पेशी वाढताना चुका होत असतात. त्या दुरुस्त करणारी प्रथिनं आपल्या अंगातच असतात. जयाकाकूंच्या गाठीत त्यातलं एक प्रथिन दिसतच नाही. का दिसत नाही? एक तर ते बनवणारा जीन जन्मापासून बिघडलेला. तसं असेल तर तो ऋतिकात आल्याची शक्यता निम्मी. नाहीतर जीन धड आहे, पण त्याच्यावर मिथाइलचे बारके कण चिकटून तो बंद पडलाय, आणि तेही त्या गाठीपुरतं. तसं असेल तर लेकीला त्यातनं भीती नाही.

मिथाइल! एक कार्बन, तीन हायड्रोजन. याच्यावरच सरांनी तोंडी परीक्षेत मला उभं करून सगळ्या वर्गाला हसवलं होतं. मी जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो तो परत गेलोच नाही. आणि आज हाच मिथाइल निघावा म्हणून मी देवाला हात जोडतोय.

संध्याकाळी जयाकाकूंना समजावलं. त्यांनी चाळीस वर्षं शहापुरात कांड्या भरल्यात, म्हणून मागाच्या भाषेत सांगितलं. साडीची नक्षी चुकली की आपण काय बघतो? नक्षीची भोकं पाडलेला पुठ्ठाच चुकीचा कापलाय, की पुठ्ठा बरा आहे आणि भोकात काहीतरी चिकटून सुई आत जात नाही. पुठ्ठाच चुकीचा असला, तर त्याच्यावरनं कापलेल्या दुसऱ्या पुठ्ठ्यातही ती चूक जाणार. नुसतं भोक बुजलं असेल तर नाही.

काकू विचार करत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हंजे मी चुकीची कापलेली हाय का बुजलेली हाय, एवढंच बघायचं व्हय?"

ऋतिका हसली. पंधरा दिवसांनी हसली.

शुक्रवार, ७ मार्च

मी विणायला जातो त्या चिंतामणी अण्णांच्या मागावर आज तीन वेळा धागा तुटला. अण्णा म्हणाले, मागाकडं बघ रं, शेजारच्या गल्लीकडं नको.

सोमवार, १० मार्च

ती गाठ आज माझ्या खिशात होती.

तपासणी त्या गाठीवरच करायची असते. ऑपरेशनच्या दवाखान्यात तिचा तुकडा मेणात बसवून ठेवलेला. काडेपेटीपेक्षाही लहान. तो आपणच न्यायचा आणि विनोदिनी डॉक्टरांकडे द्यायचा. ऋतिकानं ते काम मला दिलं! शर्टाच्या वरच्या खिशात ठेवून गाडी काढली. पुढच्या चौकात डोक्यात आलं – मेण आहे, ऊन आहे, खिसा अंगाला चिकटलेला आहे. वितळलं तर? दुसरी गाठ कुठनं आणणार? रुमाल भिजवून गुंडाळला, गाडी सावलीसावलीनं ढकलत नेली. गाडीवर पंधरा मिनिटांचा रस्ता, सव्वा तास लागला.

डॉक्टरांनी ओला रुमाल सोडला आणि चष्मा काढून हसत बसल्या. म्हणाल्या, हे वितळायच्या आधी तू शिजशील.

ऋतिकाला सांगितलं. तिनं "येडा हाईस" एवढंच म्हटलं. पण कसं म्हटलं ते मलाच ठाऊक.

बुधवार, १२ मार्च

डॉक्टरांनी एक कागद दिलाय. त्यावर घराण्याचं चित्र काढून आणायचं. बाईसाठी गोल, पुरुषासाठी चौकोन, गेलेल्यावर तिरकी रेघ, बाजूला आजार आणि वय. माझा हात चित्राला बरा, म्हणून ऋतिकानं मला बसवलं. काकू सांगायच्या, मी गोल काढायचा. त्यांच्या माणसांत तसलं काहीच नाही. एक आजी शहाण्णवाव्या वर्षी भांडता भांडता गेली म्हणे. मी म्हटलं हे आमच्यात शोभलं असतं.

मग जरा मिजास आली. म्हटलं, आमच्या बेळगुंदीत हेळवी येतो, घराण्याची वही घेऊन. पूर्वी बैलावर यायचा, आता मोटरसायकलवर येतो. दारात बसून आमच्या सात पिढ्या धडाधड म्हणून दाखवतो, धान्य घेतो आणि जातो. लगेच कागद उलटा करून मागच्या बाजूला माझं घराणं काढलं. सात पिढ्या, सगळे चौकोन.

"गोल कुठं हाईत?" ऋतिकानं विचारलं.

हेळवी बायकांची नावं घेत नाही. आईचं माहेर तर त्याच्या वहीत येतच नाही. मी आठवून आठवून काढलं. आईचा एक गोल – मी दहा वर्षांचा होतो तेव्हा गेली. पोटाचं दुखणं, वय अडतीस. एक चौकोन शामूमामाचा – आतड्याचं ऑपरेशन, चव्वेचाळीसाव्या वर्षी गेला. निपाणीच्या मालुमावशीचा एक गोल, ती ठणठणीत. आईच्या वडलांच्या चौकोनात काय लिहायचं तेच माहीत नव्हतं. रिकामा ठेवला.

शनिवार, १५ मार्च

आज सांगून टाकलं. पाटी हातात, कांड्या अर्ध्या भरलेल्या, आणि मी म्हटलं – तुझ्या रक्तात काय बी असू दे, मला फरक पडत न्हाय.

वाटलं होतं डोळ्यांत पाणी येईल. आली ती आग.

"तुला काय रं बोलायला. तुझ्या रक्तात न्हाय न्हवं!"

मग कांड्या भरायचा रहाट थांबवून हळू आवाजात बोलली. रिपोर्ट येईपर्यंत असलं काही बोलू नको म्हणाली. आत्ता मी हो म्हणीन, आणि मग जन्मभर मला कळायचं नाही की हो म्हणाले ते तू आवडतोस म्हणून, का भ्याले म्हणून. भिऊन म्हटलेलं हो मला नको.

मला राग आला. घरी येईपर्यंत राग होता. जेवतानाही होता. आप्पांनी विचारलं, भाकरीवर का रं राग काढतोस?

गुरुवार, २० मार्च

रिपोर्ट नाही. सहाशे कांड्या नेल्या असतील. त्या विषयावर मी एक शब्द काढलेला नाही.

गुरुवार, २७ मार्च

मिथाइल! मिथाइल! मिथाइल!

जयाकाकू बुजलेल्या आहेत, चुकीच्या कापलेल्या नाहीत! डॉक्टर म्हणाल्या, घराण्याचं चित्रही तेच सांगतंय, ऋतिकाला या बाबतीत चारचौघींपेक्षा जास्त काळजी नको. काकूंना पुढचे उपचारही फार नाहीत, नुसतं तपासत राहायचं. ऋतिकानं टेबलावर डोकं टेकलं आणि तशीच राहिली. मी कुणाशीतरी भांडावं इतका खूश होतो.

डॉक्टर फाइलीत कागद लावत होत्या. लावता लावता घराण्याचा कागद उलटा झाला. त्यांनी चष्मा वर केला. सगळे चौकोन सोडून बोट आईच्या गोलावर ठेवलं. मग मामाच्या चौकोनावर.

"हे कुणाचं आहे?"

मी हसत म्हटलं माझंच, ते आपलं असंच काढलंय. त्या हसल्या नाहीत. विचारलं, पोटाचं म्हणजे नक्की कशाचं? मला सांगता आलं नाही. आजोबा कशानं गेले? तेही नाही. जन्मापासून बिघडलेला तो जीन पिशवीला धरतो तसा आतड्यालाही धरतो, विचारून या म्हणाल्या. हळू म्हणाल्या, पण खुर्ची माझ्याकडे वळवून म्हणाल्या.

ऋतिकानं डोकं वर केलं होतं.

शुक्रवार, २८ मार्च

आप्पांना विचारलं, आई कशानं गेली. पोटाचं दुखणं होतं, म्हणाले. पोटाचं म्हणजे? बायकांचं, म्हणाले, आणि गोठ्याकडे निघून गेले. मी मागं जाऊन भांडलो नाही. पहिल्यांदाच.

रविवार, ३० मार्च. पाडवा

निपाणीला मालुमावशीकडे गेलतो. गुढी उतरायच्या आत पोचलो. मावशीनं आधी जेवायला वाढलं. पोळी संपल्यावर विचारलं.

आई आणि मावशी दोघी तंबाखूच्या वखारीत जायच्या. आईचं लग्न झाल्यावर मावशी एकटीच. आईच्या शेवटच्या वर्षी मावशी बेळगुंदीला येऊन राहिली होती, ते मला अंधूक आठवतं. अंगावरनं फार जायचं तिच्या. दवाखान्यात दाखव म्हटलं तर बायकांचं असतंय असलं, म्हणायची. दाखवलं तेव्हा कॅन्सरनं पिशवी पुरती गेलेली. आणि आजोबा – त्यांचंही आतडंच. पन्नाशी गाठली नाही.

मी म्हटलं, मावशी, एवढी वर्षं सांगितलं का नाहीस?

"कुणी इचारलंच न्हाय रं. मी आपली त्या तंबाखूलाच शिव्या घालत बसले."

रिकाम्या चौकोनात लिहिलं. आईच्या गोलात खाडाखोड करून लिहिलं. बाजूला तिचं नाव घातलं – मंगल. आता हेळवी आला की धान्य नंतर, आधी हे नाव वहीत चढवायला लावणार. नाही म्हणाला तर भांडणार.

मला कॅन्सर झालाय असं नाही, हे कळतं. आईत तो बिघडलेला जीन असेल, तर माझ्यात आल्याची शक्यता निम्मी. असलं तरी आतड्यात दुर्बीण घालून वेळच्या वेळी बघत राहिलं की लवकर धरता येतं, हेही डॉक्टरांनी सांगितलंय. सगळं कळतं. परत येताना गाडी चाळिसाच्या वर नेली नाही.

गुरुवार, ३ एप्रिल

जीन तपासायला रक्त दिलं. रिपोर्टला महिना लागेल.

ऋतिका बाहेर बाकावर बसली होती. मी शेजारी बसलो तशी म्हणाली, "तुझ्या रक्तात काय बी असू दे."

आणि मी – मी! – तिला म्हटलं, रिपोर्ट येईपर्यंत असलं काही बोलू नको.

तिनं हात धरला. कुठं ओढत न्यायला नाही. नुसताच.