प्लास्टिक काढायचं नाही

६ ऑगस्ट २०२२
वही नवाराची. अर्धी कोरी असून टाकून देत होती. काढून घेतली. म्हातारपणी साक्षरता वर्गात जाऊन लिहायला शिकले ते फुकट कशाला घालवू.

नवारा माझी नात. तिची आई कुवेतला शिवणकाम करते, पोरगी माझ्या गळ्यात. तिला आता काम मिळालंय. कैरोचं एक ऑफिस लोकांची बोलणी पाठवतं, ही कानाला लावून ऐकते आणि टाइप करते. जे एकदा बोलून झालं ते परत लिहायला लोक पैसे देतात. द्या बापडे.

मामाचा जुना लॅपटॉप वापरते. वायर काढली की मेला. म्हणते, आजी, मला दिवसभर बॅटरी टिकणारा हवा, काम उशिरा गेलं की ते नाव कापतात.
म्हटलं, घेऊ. पण निवडणार मी. मी निवडलेला फ्रीज अजून गुरगुरतोय. निवडलेला नवराही शेवटपर्यंत चालला.

९ ऑगस्ट
अख्ख्या मन्सूरा शहरात दुकानं बघितली. शेवटी बसयूनीचं बरं वाटलं. पोटसुट्या माणूस, खोटं बोलताना घाम येतो. असा दुकानदार परवडतो.

या हज्जा, बसा हज्जा, करत होता. मी कुठली हजला जातेय. केस पांढरे दिसले की सगळे हज्जा म्हणतात.

लॅपटॉप कलिंगडासारखे वाजवून बघितले. एक पोकळ वाजला, तो बाद. नवारा म्हणाली, आजी, असं नसतं गं बघायचं. तिला म्हटलं, तू गप्प बस, तुला कलिंगडसुद्धा घेता येत नाही.

वॉरंटी विचारली. यंत्राला दोन वर्षं, बॅटरीला एकच. म्हणजे नवऱ्याची हमी देतात, त्याच्या काळजाची नाही. हे बसयूनीला बोलून दाखवलं. घाम आला त्याला.

११ ऑगस्ट
बसयूनी म्हणतो बॅटरी दहा तास चालते. म्हटलं, लाव, मी बसते. भेंडी बरोबर नेली होती. दुकानातला लॅपटॉप त्याने वायर काढून लावून ठेवला. दुपारच्या अजानला सुरू केला. मी भेंडीची देठं काढली, मग लसूण सोलला, मग त्याच्या गिऱ्हाइकांना सल्ले दिले. दोघं परत गेले, त्याला मी काय करणार.

संध्याकाळच्या अजानला मेला. दहा तास कुठले! पण बाकीच्या दुकानदारांनी मला बसूच दिलं नव्हतं. हाच घ्यायचा ठरला. खोकं बंद, नवं कोरं.

१३ ऑगस्ट
घेतला. नवाराच्या आईने पाठवलेले पैसे आणि माझी बांगडी, दोन्ही गेलं.

बसयूनी म्हणाला, हज्जा, वॉरंटी आजपासून. म्हटलं, आजपासून कशी? प्लास्टिक फाडेन तेव्हापासून. जेवायला बसल्याशिवाय पोट भरायला लागतं का? तो म्हणाला कागदावर तारीख आजची आहे. म्हटलं, कागदाला काय कळतं.

घरी आल्यावर नवारा कात्री घेऊनच बसली होती. कात्री काढून घेतली. अगं, हा लग्नाच्या सामानातला. मिक्सर, पंखा, इस्त्री, कढया, सगळं तिच्या दहाव्या वर्षापासून खोक्यांत रचून ठेवलंय. त्यात एवढीच उणीव होती. कुठल्या मुलीच्या सामानात लॅपटॉप असतो? समोरच्या उम्म लुत्फीच्या, म्हणजे लुत्फीच्या आईच्या, तिन्ही मुली नुसती घमेली घेऊन सासरी गेल्या.

नवारा म्हणाली, आजी, लग्न कुणाशी? म्हटलं, सामान असलं की नवरा येतो.
मग म्हणाली, आणि माझं काम? म्हटलं, जुना आहे की. वायर लावून ठेव.
रडली नाही. खोक्याकडे बघत बसली. पोरगी समजूतदार आहे.

१४ ऑगस्ट
खोक्याला वरून हिरवी चिकटपट्टी मारली, त्यावर अंगठ्याची खूण. वॉरंटीचा कागद उशीत. कुणाची हिंमत नाही.

१६ ऑगस्ट
मुलुखियाची पालेभाजी चिरायची माझी फळी नाहीशी. अंजिराच्या लाकडाची, जड. परवा उम्म लुत्फी साखर मागायला आली होती. तीच.

१७ ऑगस्ट
विचारलं तिला. शपथेवर नाही म्हणाली. एवढ्या जोरात शपथ घेते म्हणजे नक्की तीच. आजपासून तिच्याशी बोलणं बंद. गॅलरीतून टोपलीतले पाव देणंही बंद.

२० नोव्हेंबर
खोक्यांवरची धूळ पुसली. लॅपटॉपचं खोकं उचलून बघितलं. वजन तेवढंच. चिकटपट्टी जशीच्या तशी. कशी ठेवावी वस्तू हे माझ्याकडून शिकावं.

बाजारात बसयूनी भेटला. म्हणाला, हज्जा, बंद खोक्यातली बॅटरी आपोआप उतरते, अधूनमधून चार्ज करा. कळलं मला. वापरून वापरून लवकर झिजवायची आणि दुसरा विकायचा. म्हटलं, माझ्या काचेच्या कपाटात माझ्या लग्नातले सहा पेले आहेत, सोन्याच्या कडांचे. एकालाही अजून ओठ लागला नाही, म्हणून सहा आहेत.

२४ जुलै २०२३
उन्हाळा भयंकर. सरकार रोज लाइट घालवतं. आज घालवली, उद्याही घालवणार म्हणे. उम्म लुत्फीच्या लुत्फीचं कॉम्प्युटरचं काम बुडालं, जिन्यात शिव्या देत होता. बरं झालं.

आमच्याकडे काही बुडालं नाही. लाइट गेल्यावरही नवाराच्या खोलीतून टकटक चालूच. दार लावून करते, जुन्या लॅपटॉपची लाज वाटते बिचारीला. मी तिला म्हणत होतेच की जुना चांगला आहे. वायर काढली तरी आत थोडी वीज शिल्लक राहते, इस्त्री बंद केल्यावर गरम राहते तशी. नीट वापरणारं माणूस हवं.

नवाराला हे सांगितलं. म्हणाली, हो आजी, तसंच आहे.

२ ऑगस्ट
उशीतला वॉरंटीचा कागद उलटा घडी घातलेला सापडला. उंदीर. पिंजरा लावला.

५ ऑगस्ट
नवारा विचारत होती, आपण लॅपटॉप गेल्या ऑगस्टच्या तेरालाच घेतला ना. म्हटलं, हो, वाढदिवस करायचाय का त्याचा?

बसयूनीच्या दुकानावरून गेले. आज उठून उभा राहिला आणि काळजी करू नका हज्जा, बॅटरीचं बघतो मी, म्हणाला. कसली काळजी? माझी बॅटरी खोक्यात सुखरूप आहे. बाजारात बसून बसून डोकं फिरलंय त्याचं.

१९ जानेवारी २०२४
बघा, आला नवरा. रिफअत नाव. नवाराच्या ऑफिसातच आहे, तिचं काम हाच तपासतो. त्याची आई येऊन गेली. म्हणाली, तुमच्या नातीचं काम एकदाही उशिरा आलं नाही, आमचा मुलगा त्यावरच भाळला. मी मनात म्हटलं, कामावर कोण भाळतं बाई. खोक्यातल्या लॅपटॉपची बातमी कानावर गेली असणार. सगळ्या गल्लीला मीच सांगितली होती.

१० एप्रिल
आज ईद. सामान मांडायचा दिवस ठरला, पंधरवड्यानंतर. बायका येतील, बघतील. उम्म लुत्फीलाही बोलावलं. माफ केलं म्हणून नाही. जळावी म्हणून.

२६ एप्रिल
आज सामान मांडायचा दिवस.

सगळं मांडलं. नुसतं मांडून काय, म्हटलं, चालवून दाखवते. मिक्सर लावला, धूर आला. आतलं रबर वाळून चुरा झालं होतं. पंखा कुरकुरला आणि थांबला. इस्त्री तापलीच नाही. रिफअतची आई म्हणाली, राहू दे हो. म्हटलं, राहू कसं दे, खरी वस्तू अजून पुढे आहे.

लॅपटॉपचं खोकं मधोमध ठेवलं. हिरवी पट्टी दाखवली. अंगठ्याची खूण दाखवली. नवारा कोपऱ्यातून म्हणाली, आजी, नको. म्हटलं, गप. पट्टी फाडली.

आत माझी मुलुखियाची फळी. दोन टॉवेलांत नीट गुंडाळलेली. तळाला खोकं कापून परत चिकटवलेलं. इतके दिवस मी वरूनच बघत राहिले.

मग उम्म लुत्फी बोलली. पावणेदोन वर्षांनी पहिल्यांदाच माझ्याशी. म्हणाली, घे, सापडली तुझी चोरीला गेलेली फळी.

नवारा आत गेली आणि लॅपटॉप घेऊन आली. बटणांवरची अक्षरं झिजलेली, कोपऱ्याला चहाचा डाग, झाकणावर मांजराचं चित्र. चालू केला. झटकन चालू झाला. म्हणाली, आजी, याच्यावरच काम केलं. बॅटरी गेल्या वर्षी फुगली होती, बसयूनीकाकांनी वॉरंटीत बदलून दिली. सांगितलं असतं तर तू परत बंद केला असतास.

रिफअतची आई म्हणाली, अय्या, हाच ना, मुलगा रोज याच्यावरच बोलतो तिच्याशी.
बायका हसून हसून लोळल्या. मांडलेल्या सामानात चालू वस्तू तेवढी एकच.

२८ एप्रिल
शांतपणे विचार केला. जिंकले मीच. लॅपटॉप कुणी निवडला? मी. एवढ्या वापरात टिकला म्हणजे निवड पक्की. वॉरंटीचा कागद कुणी सांभाळला? मी. वस्तू अशी सांभाळली नसती तर नवाराला चोरायला मिळाली असती का?

मिक्सर त्याच्या दुकानातला नाही, तरी वॉरंटी विचारायला बसयूनीकडे गेले. खोक्यावरची तारीख वाचली आणि उठून पाणीच प्यायला गेला. आलाच नाही परत.

३ मे
उम्म लुत्फीकडे बशीभर गोड बसबूसा पाठवला. माफी नाही. रवा जास्त झाला होता.

९ मे
बशी परत द्यायला उम्म लुत्फी आली. बसली. नवारा म्हणाली, आजी, आज तरी कपाटातले पेले काढ. माझ्याकडे बघत उभीच राहिली. काढला. एकच. पुसला. सोन्याची कड अजून लखलखीत. उकळता चहा ओतून उम्म लुत्फीसमोर ठेवला. एवढा मान मी नवऱ्यालाही दिला नव्हता.

टक्कन वाजलं. पेला उभा चिरला, चहा तिच्या मांडीवर.

फडक्याने पुसत उम्म लुत्फी म्हणाली, काय गं, हासुद्धा वॉरंटी संपल्यावरच उघडलास?

नवाराला म्हटलं, बघ. वापरलं की हे असं होतं. पोरगी हसली नाही. पत्र्याच्या मगात चहा ओतून तिने दोघींना दिला.

पाच उरलेत. परत प्लास्टिकमध्ये गुंडाळले, वर हिरवी चिकटपट्टी. खालूनही मारली. नवाराच्या मुलीला होतील.