सेल्विनच्या पायांतलं औषध

११ नोव्हेंबर, सकाळ
दवाखान्यातल्या नर्सला अक्कल नाही. रोज प्रेशर मोजून या वहीत लिहा म्हणते, आणि आकडा बघून वर मलाच विचारते, आजी, घाबरलात का? मी कशाला घाबरू? तीन वादळं आणि एक नवरा पाहिलाय मी. वही तिची असली तरी लिहीन मला हवं ते. तिसरी शिकलेय, तेवढं पुष्कळ झालं.

प्रेशर १५२. मशीन जुनं आहे.

नातू सेल्विन काल घरी आला. सेइबा शहरातल्या क्लबातून लीग खेळतो. आता होंडुरासच्या टीमने बोलावलंय. शुक्रवारी कॅनडात मॅच. यंदा लीगमध्ये नऊ गोल मारले, त्यातले नऊही माझ्या गिफितीचे. रममध्ये मुळं आणि साली मुरवून करते मी ती. तीन वर्षं दर आठवड्याला बाटली पाठवते, मॅचआधी एक झाकण. काय काय घालते ते लिहिणार नाही. शेजारची बासिलिया वही उघडते.

१२ नोव्हेंबर
सेल्विन तोमासच्या बसने गेला. हा तोमासच दर आठवड्याला माझी बाटली त्याला पोचवतो. साठी उलटली तरी बॅगा घेऊन टपावर माकडासारखा चढला. आमच्या गावाची हवाच तशी.

बाटली या खेपेला शाम्पूच्या डब्यात भरली, मोज्यांत गुंडाळून बॅगेच्या तळाशी. कॅनडात बर्फ असतं, म्हणून दुप्पट कडक केली. पोरगं बसमध्ये चढायला लागलं. म्हटलं, भ्यायचं नाही, आपल्या घराण्यात कुणी भीत नाही. ते म्हणालं, आजी, माझा हात सोड आता, बस सुटतेय.

प्रेशर १६०. जिना चढले होते. (घराला जिना नाही. तोमासच्या बसचा.)

१३ नोव्हेंबर
सोमवारपासून गरम पातेल्याखाली एक कागद होता. आज माझ्या लेकीने, जुस्तिनाने, उचलून वाचला. टीमने घरच्यांना पाठवलेला. खेळाडूला घरचं काढे, मुळ्या, दारू काही देऊ नये. मॅचनंतर चिठ्ठ्या टाकून दोघांची लघवी तपासतात. काही सापडलं तर दोन वर्षं खेळायचं नाही.

जुस्तिनाने विचारलं, आई, तू काही दिलं नाहीस ना? मी म्हटलं, मोजे दिले.

ठरलं. आजच फोन करून पोराला सांगणार, ओतून दे.

संध्याकाळ: हाताला कसावाचं पीठ होतं. उद्या नक्की.

प्रेशर १७१. पीठ ओलं होतं, त्याने पट्टा घसरतो.

१४ नोव्हेंबर
फोन केला नाही. टीमवाले ऐकत असतील तर? आमच्या लीगची गोष्ट निराळी. मैदानात कुत्रं शिरतं, रेफरी हाफटाइमला माझ्याच कढईतला मासा खातो, कुणी कुणाची लघवी विचारत नाही. तिथल्या लोकांना काय सांगणार? मी सेल्विनची आजी? तिथे कुणाला नसते आजी?

मॅच टीव्हीसमोर पहिल्या खुर्चीवर बसून बघणार होते. पण ऐन वेळी आठवलं, जेवणासाठी उकडलेली केळी कुटायची राहिलीत. उखळ घेऊन मागे बसले. पाच माणसांची कुटायची होती, पंचवीस माणसांची कुटली. मुसळाचा आवाज मोठा येतो, टीव्हीचं काही ऐकू येत नाही. बरं असतं ते.

बासिलिया मागच्या दाराशी आली. म्हणाली, अगं एउफेमिया, एकाहत्तराव्या मिनिटाला पोरगं मैदानात उतरलं, संपलीसुद्धा मॅच, एक-शून्य हरलो, चार वेळा बॉलला पाय लागला त्याचा, आणि तू इथे कुणाचं लग्न काढलंयस?

मग जुस्तिना आली. सेल्विनचा मेसेज आलाय म्हणाली. चिठ्ठीत नाव त्याचंच निघालं.

१५ नोव्हेंबर
प्रेशर १८८. मशीन चांगलं आहे.

राजधानीला जाऊन फुटबॉलच्या ऑफिसात सांगणार, गुन्हेगार मी, पोराला सोडा. पिशवी भरली. बसपर्यंत गेले. तोमास दोन-दोन पायऱ्या एकदम उतरून आला, कुठे निघालात विचारलं. कुठे नाही म्हटलं. परत आले. पिशवी रिकामी केली. पाऊस येणार होता.

पोरगं बापाविना वाढलं. त्याच्याजवळ त्या दोन पायांशिवाय काही नाही, आणि तेच मी बुडवले.

फोन दोनदा वाजला. कोंबड्यांना दाणे टाकायला गेले.

१६ नोव्हेंबर
जुस्तिनाने फोन घेतला. सगळं कबूल केलं मी तिच्या कानात, तिने त्याला सांगितलं. तिकडून हसायचा आवाज इथवर आला.

पहिल्या वर्षी एक झाकण प्यायला आणि मैदानात ओकला म्हणे. त्यानंतर एक थेंब नाही. सगळ्या बाटल्या तोमासच्या गुडघ्यांना. या वेळचा शाम्पूसुद्धा बसमध्येच दिला. मला वाईट वाटेल म्हणून बोलला नाही.

म्हणजे लघवी स्वच्छ. आणि मंगळवारी पुढची मॅच, पहिल्या मिनिटापासून तोच खेळणार.

देवाचे आभार मानायला बसले आणि उठता येईना. तीन वर्षं मी निवांत झोपले, पोराच्या पायांत माझं औषध आहे म्हणून. काही नव्हतं. नुसते पाय होते. तेवढेच घेऊन तो त्या राक्षसांमध्ये शिरत होता, आणि मंगळवारी पुन्हा शिरणार.

प्रेशर मोजलं नाही.

फोन वाजतोय. त्याचाच असेल, आजीला द्या म्हणेल. जुस्तिना, तूच उचल. मी केळी कुटतेय म्हणून सांग.